एकशे सातचा वेग आणि आत्तींचं जेवण

"हे काय केलंस तू?" असं म्हणत ह्यांनी मोबाईल माझ्या नाकापाशी आणला, तेव्हा मी पावटे सोलत बसले होते. मला वाटलं, पुण्याहून नातवाचा फोटो आला असेल. पदरानं चष्मा पुसून बघितलं, तर आमचीच गाडी. पांढरी, पुढच्या बंपरला डाव्या बाजूनं खरचटलेली. ते खरचटणं माझंच, आमच्या बोळातल्या विजेच्या खांबाची कृपा. फोटोखाली आकडे होते. वेगमर्यादा नव्वद, गाडीचा वेग एकशे सात. वेळ संध्याकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटं. ठिकाण कागलच्या पुढचा महामार्ग. दंड दोन हजार रुपये.

त्यावर मी पहिल्यांदा काय बोलले ते सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायला बसलेय तर सांगते. मी म्हणाले, "अय्या, आपली गाडी एवढी पळती?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिवाजी पेठेत शेतीच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान चालवणारा हा माणूस. हयात स्कूटरवर गेली. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर आधी त्याला जाऊ देणार, मग त्याच्यामागच्या पिल्लांना. आजवर एक पावती फाटलेली नाही याचा भारी अभिमान. गाडी ह्यांच्या नावावर, म्हणून मेसेजही ह्यांना आला. आधी ह्यांना वाटलं, कुणीतरी लुबाडायला पाठवलाय. दोन दिवस कुणाला न सांगता मनात घोळवत बसले, मग दुकानातल्या संगणकावर सरकारी साइट उघडून गाडीचा नंबर घालून बघितला. खराच निघाला. लुबाडणारा असता तर बरं, असं ह्यांना तेव्हा वाटलं असणार.

"घाई कसली होती एवढी?" ह्यांनी विचारलं.

आत्ती समोर पाटावर बसून माझ्याबरोबर पावटे सोलत होत्या. मी म्हणाले, "उशीर झालता." आणि सोललेले पावटे उगीचच परत निवडायला घेतले.

कारण खरं काय ते आत्तींच्या देखत सांगता येण्याजोगं नव्हतं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या जैन घरांत सासूला आत्ती म्हणतात, कर्नाटक जवळ असल्याचा गुण. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे. दिवस मावळला की त्यांच्या तोंडात अन्नाचा कण जात नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, ताप असो, प्रवास असो, घरात लग्न असो, सूर्य बुडायच्या आत जेवण, नाहीतर सकाळपर्यंत उपास. मीही तेच पाळते, माझ्या माहेरीही तोच नेम. हे मात्र रात्री नऊला येऊन जेवतात. ह्यांचा धर्म दुकानाच्या शटरला बांधलेला आहे, शटर पडल्याशिवाय भूक लागत नाही.

त्यात आमच्या घराची आणखी एक रीत. सासू आणि सून एकाच वेळी ताटावर बसणार. कुणी घालून दिली देव जाणे, पण तीस वर्षांत आत्ती एकट्या जेवताना मी पाहिल्या नाहीत. आता तुम्हीच बघा, थंडीत सहा वाजले की दिवस गुडूप. मी सहानंतर घरी पोचले तर म्हातारी रात्रभर उपाशी, आणि तिला उपाशी ठेवणारी मी. नुसत्या विचारानं माझा पाय ॲक्सिलरेटरवर जड व्हायचा.

आणि बाहेर जायचं तरी कशाला, असं कुणी म्हणेल. गडहिंग्लजला माझे वडील एकटे राहतात. अप्पांचं वय चौऱ्याऐंशी. आई जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ परदेशात आहे. तो रोज फोन करतो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण फोनवरून कुणाची नखं कापता येत नाहीत. म्हणून मी दर गुरुवारी जाते. नखं कापते, आठवड्याच्या गोळ्या खणाखणांच्या डबीत भरते, गाद्या उन्हात टाकते, दोन्ही वेळचं रांधून ठेवते आणि शेजारपाजारच्या सगळ्या कागाळ्या ऐकून घेते. सुरुवातीला एसटीनं जाऊन बघितलं. दिवसाउजेडी परत यायचं तर हातात जेमतेम दोन तास मिळत, त्यातला एक अप्पांचा चहा होईपर्यंत जाई. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. गुरुवारसाठी शिकले, मिरवायला नाही. बरं, थोडं मिरवायलाही.

साडेतीन वाजले की अप्पा माझ्या चपला दारात सरळ करून ठेवायचे. "निघ अव्वा, दिवस हाय तोवर घर गाठ." त्या भागात लेकीलाही आईसारखं अव्वा म्हणतात. मी निघायची, संकेश्वर, निपाणी, कागल करत सव्वापाच-साडेपाचपर्यंत घरी. पण त्या गुरुवारी ऊसतोडीचे दिवस. गडहिंग्लजपासून संकेश्वरपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर माझ्यापुढं. गाणी लावलेली, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय, आणि वेग आमच्या ह्यांचा. अर्धा तास तिथंच गेला. महामार्गाला लागले तेव्हा सूर्य डाव्या हाताला खिडकीच्या काचेत उतरला होता. तो उतरत होता आणि मी पळत होते. पावणेसहाला दारात गाडी लावली, सहाला दहा कमी असताना आम्ही दोघी ताटावर. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटलं होतं. पोलिसांनी फोटो काढलाय हे काय ठाऊक?

ह्यांनी चावी मागितली. मी दिली. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो म्हणाले.

"आता गुरुवार बंद. जायचं तर एसटीनं जा."

"दोन हजारासाठी?"

"दोन हजार गेले चुलीत. तुला काय झालं म्हंजे मी काय करू?"

इथं कुठलीही शहाणी बाई गप्प बसली असती. पण माझी जीभ म्हणजे गाडीपेक्षा भरधाव. मी म्हणाले, "दुकानात एवढ्या मोटारी पडल्यात, एक बसवून घ्या घरात." हे हसले नाहीत. रात्री अर्धीच भाकरी खाऊन उठले. तेव्हा मला कळलं, माणूस खरोखर घाबरलाय. तरी मी माघार घेतली नाही. आपलं चुकलंय हे कळलं की मला जास्तच राग येतो, हा माझा जन्मजात दोष.

पुढचा गुरुवार मी घरात काढला. सकाळपासून हातातून भांडी पडत होती. कपाटं आवरली, न धुवायचे पडदे धुतले. दुपारी अप्पांना फोन केला. "न्हाय आलीस तर काय धाड भरली मला?" म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "फुडच्या गुरुवारी येतीस न्हवं?" मी "व्हय व्हय" म्हणून फोन ठेवला आणि तडक दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, तरी बोललेच.

"चावी द्या."

"अगं, माणसं हायत."

"असू देत. त्यांनाबी कळू दे."

तिथं एक गिऱ्हाईक पाइप मोजून घेत होतं, राधानगरीकडचं. त्यानं कान टवकारले आणि न विचारता सल्ला दिला. "वैनी, माझंबी लायसन जप्त केलतं की. मग पोलिसांच्या वर्गात बसवलं दोन तास. कागद दिला हातात, तवा सुटलो." ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. बोट वर करून म्हणाले, "तू तो वर्ग कर. कागद आण. मग चावी."

ह्यांना वाटलं, ही कशाला जातीय पोलिसांच्या दारात. इतकी वर्षं संसार करून माणसाला एवढंही कळू नये!

सोमवारी सकाळी वाहतूक शाखेच्या ऑफिसात मी हजर. हातात पिशवी, पिशवीत लायसन, गाडीची कागदपत्रं, दंड भरल्याची पावती आणि पाण्याची बाटली. टेबलापाशी एक हवालदार होते, माझ्याहून थोडे लहान असतील. केस पिकलेले, मिशा काळ्याभोर, म्हणजे मिशांवर खर्च चालू होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी पावती बघितली, परत माझ्याकडं बघितलं.

"दंड भरलाय की तुम्ही. मग काय पायजे?"

"मला वर्गात बसायचंय."

"लायसन जप्त झालंय?"

"न्हाय."

"या आधी कधी चलन आलतं?"

"पहिलंच."

"मग तुम्हाला वर्ग लागू न्हाय. तो लायसन घेतलेल्यांना असतोय. पैसे भरले, विषय मिटला. जावा घरी."

"पण मला बसायचंय की."

"अहो बाई, बसता येत न्हाय. त्याला पात्र व्हायला लागतंय."

पात्र! माझं डोकंच सणकलं. आयुष्यभर मी सगळ्या गोष्टींना पात्र ठरत आले, आणि इथं पोलीस म्हणतोय, तुमचा गुन्हा कमी पडतो. मी म्हणाले, "मग अजून एकदा पळवून येऊ काय? कागलपर्यंत जाऊन यायला तासभर लागंल, तुम्ही हायसा न्हवं?"

मागं उभी असलेली पोरं खो-खो हसायला लागली. हवालदारांच्या मिशाही हलल्या. "कशाला पायजे हा वर्ग, खरं सांगा," म्हणाले. मी सांगितलं. नवरा, चावी, गुरुवार, अप्पा. सासूचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी पेन कानावर अडकवला आणि जरा विचार केला.

"असं करा. आज अकराला वर्ग हाय. मागच्या बाकावर बसा, ऐका. पण कागद मिळणार न्हाय. तो मी देऊ शकत न्हाय."

"बसते," म्हणाले मी. कागदाचं पुढं बघू, आधी पाय तर आत ठेवू.

खोलीत बारा-तेरा जण होते, सगळे विशी-पंचविशीचे. एकाच्या जॅकेटवर वाघ. मी गेले तशी पोरं सरकून बसली, एकानं खुर्ची दिली. "काकी, तुम्हीबी?" म्हणाला. मी मान हलवली. "किती होता?" म्हणाला. "एकशे सात." त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडं आदरानं बघितलं. नाही म्हणायला बरं वाटलं.

शिकवायला तेच हवालदार. मला वाटलं होतं, कायदा, कलमं, पडद्यावर अपघाताची चित्रं. चित्रं होती थोडी, ती बघवत नव्हती. पण त्यांची पद्धत वेगळी. एकेकाला उभं करून एकच प्रश्न: "घाई कसली होती?"

वाघवाला म्हणाला, फुटबॉलची मॅच सुरू व्हायची होती, आमच्या पेठेची. सगळी खोली "मग बरोबर हाय" म्हणून कुजबुजली, कोल्हापुरात दुसरं काय होणार. हवालदारांनी विचारलं, "पोचलास?" तो म्हणाला, "न्हाय, तुम्ही धरलं की." एकजण दुधाची गाडी चालवायचा, संकलन केंद्र बंद व्हायच्या आत कॅन पोचवायचे होते. एकाची गाडी नवी होती, बस्स. हवालदार कुणाला रागावत नव्हते. फळ्यावर गणित मांडायचे. किती किलोमीटर, किती वेग, वाचले किती. मग शेवटी माझ्याकडं वळले. "काकी, तुम्ही पाहुण्या हाय, पण आता आलाच हाय तर सांगा."

मी उठले. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण ती बारा पोरं मान वळवून बघत होती, आणि सगळ्यांनी खरं सांगितलं होतं. म्हणाले, "माझ्या सासूबाई दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. आणि माझ्याशिवाय ताटावर बसत न्हाईत. मला उशीर झाला तर त्या उपाशी राहतील, म्हणून."

हवालदारांनी फळ्याकडं तोंड केलं. "कागलपास्नं कोल्हापूर, वीस किलोमीटर धरू." नव्वदनं किती, एकशे सातनं किती, त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. "दोन मिनिटं वाचली काकी. वर थोडी सेकंदं."

दोन मिनिटं. दोन मिनिटांत तव्यावरची भाकरीसुद्धा उलटून फुगत नाही. मी तेवढ्यासाठी उसाच्या ट्रॉल्या, ट्रक आणि माझं डोकं पणाला लावलं होतं.

"आणि सासूबाई सांगतात व्हय, वेळेत ये म्हणून?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. त्या कधीच काय बोलत न्हाईत."

"मग तुम्ही विचारलंय कधी, मी न्हाय आले तर जेवशीला का म्हणून?"

तीस वर्षांत विचारलं नव्हतं. अशा गोष्टी विचारतात होय सासूला? "तुम्ही माझ्यावाचून जेवाल का," असं विचारलं तर त्याचे किती अर्थ निघतील! आमच्यात रीत पाळतात, तिची चौकशी करत नाहीत. पण हवालदारासमोर हे सगळं सांगणार काय? "न्हाय विचारलं," म्हणून मी खाली बसले.

"विचारा आज," ते म्हणाले आणि दुधाच्या गाडीवाल्याकडं वळले.

निघताना सगळ्या पोरांना कागद मिळाले. वाघवाल्यानं आपला माझ्यापुढं धरला, "काकी, झेरॉक्स काढून नाव खोडू काय?" मी त्याला चापट दाखवली. रिक्षानं घरी आले ते रिकाम्या हातानं.

त्या संध्याकाळी साडेपाचला आम्ही दोघी ताटावर बसलो. पावट्याची उसळ, भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. मी दोन घास खाल्ले आणि विचारलं. धाडकन, कसलीही प्रस्तावना न करता, कारण प्रस्तावना केली असती तर राहून गेलं असतं.

"आत्ती, गुरुवारी मी येऊन पोचले न्हाय तर तुम्ही उपाशी राहणार व्हय?"

आत्तींनी घास तसाच धरला. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे. तुम्ही थांबताय की माझ्यासाठी."

"थांबतो म्हंजे बसतो तुझ्यासंगं. उपाशी कशाला राहू? गुरुवारी चारलाच जेवून घेतो की मी. भाकरी कुस्करून दुधात."

मला काहीच कळेना. "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. दोन वर्सं झाली. तू आलीस की परत चार घास खातो. तू उन्हातान्हाची येतीस, एकटी ताटावर बसलीस तर घशाखाली उतरंल व्हय तुझ्या?"

देवा! दोन वर्षं मी ज्यांच्या पोटासाठी जीव मुठीत धरून पळत होते, त्या पोटभर जेवून, तोंड पुसून, माझ्यासाठी दुसऱ्यांदा जेवत होत्या. ब्याऐंशीव्या वर्षी. मला हसावं की रडावं कळेना, आणि माझ्या स्वभावाप्रमाणं मी चिडले.

"मग सांगायचं न्हाय व्हय एवढं? दंड भरलाय मी तुमच्या भुकेपायी!"

"सांगितलं असतं तर रेंगाळली असतीस," त्या म्हणाल्या. शांतपणे भाकरी मोडत होत्या. "बापाघरी पाय निघत न्हाय कुणाचा. मग अंधारात आली असतीस ट्रकांतनं. तू माझ्या भुकेला भितीस, म्हणून तर उजेडात घरी येतीस. मला काय ठावं, भ्याली की गाडी पळवतीस म्हणून."

मी हसायला लागले. आत्तीही लागल्या, दात दाखवून, खांदे हलवत. आम्ही दोघी इतक्या हसलो की दह्याची वाटी कलंडली. खूप वर्षांनी इतकं हसलो, आणि वर्गाची, न मिळालेल्या कागदाची गोष्टही मी सांगून टाकली. हसणं थांबल्यावर त्यांनी ताटातली चटणी बोटानं एका बाजूला सारली आणि म्हणाल्या, "त्यापरीस राहत जा की तिथं. गुरुवारी जायाचं, शुक्रवारी सकाळी यायाचं. पळापळ कशाला?"

पुरुष वाचकांना यात काय मोठं असं वाटेल. बायकांना सांगायला नको. बाळंतपणं आणि आईचे दिवस सोडले तर लग्नानंतर मी माहेरी एक रात्र राहिले नव्हते. कुणी अडवलं नव्हतं. मी मागितलं नव्हतं, आणि कुणी द्यायचं म्हटलं नव्हतं. ताटावर बसल्या बसल्या आत्तींनी ते मिठासारखं वाढून टाकलं. माझे डोळे भरून आले. मी दही पुसायच्या निमित्तानं उठले.

रात्री हे आले. मी काही बोलायच्या आत आत्तींनीच विचारलं, "चावी कुठाय?"

"दुकानात. ती कागद आणणार हाय."

"तिला कागद मिळत न्हाय. तिचा गुन्हा ल्हान पडला. सकाळी चावी आण." मग राहण्याचंही सांगितलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "नव्वदच्या वर न्हाय?"

"ऐंशीच्या वर न्हाय," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

"आणि गुरुवारी रात्री माझं जेवण?"

"आमटी पातेल्यात असणार, पातेलं ओट्यावर, गॅस तुम्हाला दिसतोच," मी म्हणाले. ह्यांनी लांब सुस्कारा सोडला, पण सकाळी चावी आणून दिली. टाकीही भरून आणली होती.

त्या गुरुवारी मी सत्तरनं गेले. मागनं हॉर्न वाजवणाऱ्यांना खुशाल जाऊ दिलं. अप्पांची नखं कापली, गोळ्या भरल्या, मागच्या गुरुवारच्या साठलेल्या कागाळ्याही ऐकल्या. दंडाची गोष्ट सांगितली, वर्गाची सांगितली. ते पोट धरून हसले. साडेतीन वाजले तसे भिंतीला धरून उठले आणि माझ्या चपला दारात सरळ करायला लागले.

"राहू देत अप्पा. आज मी राहणार हाय."

ते वळले. "काय झालं? भांडून आलीस?"

"न्हाय हो. आत्तींनीच सांगितलं, दर गुरुवारी राहून ये म्हणून."

चपला उचलून अप्पांनी आत, कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. मग बराच वेळ ओसरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. पाच वाजता मी भाकरी टाकायला घेतल्या तेव्हा स्वैपाकघराच्या दारात आले.

"मला धरून टाकतीस न्हवं?"

"म्हंजे? तुम्ही जेवणार न्हाय व्हय?"

"जेवणार की आज." आणि सहज, दुधाचा रतीब सांगावा तसं म्हणाले, "न्हायतर गुरुवारी रातचं नसतंय माझं."

माझे हात पिठात थांबले. "का? मी करून ठेवते की सगळं. झाकून ठेवते."

"करतीस. मी सकाळी खातो ते. तू पोचल्याचा फोन येतोय तवर दिवस मावळलेला असतोय. त्याच्या आधी घास कसा घेऊ? तू रस्त्यावर असतीस."

मी घरी पोचले की आधी धावत ताटावर बसायची. आत्तींना उशीर नको म्हणून. जेवण व्हायचं, भांडी व्हायची, दिवाबत्ती व्हायची, मग अप्पांना फोन करायची, आरामात, खुर्चीत बसून. "पोचले हो, जेवलेसुद्धा," असं सांगायची. आणि ते "बरं झालं" म्हणायचे. दोन वर्षं. मी एका म्हातारीच्या भुकेसाठी जीव काढत होते, तिचं पोट भरलेलं होतं. आणि ज्याच्यासाठी जात होते, तो दर गुरुवारी माझ्यामुळं उपाशी झोपत होता. मला स्वतःचा इतका राग आला की तव्यावरची भाकरी करपली. रडत रडत मी ती उलटली आणि त्यांच्यावर ओरडले, "सांगायला काय झालतं तुम्हाला? तोंड न्हाय?"

"सांगितलं असतं तर यायचं बंद केलं असतंस," अप्पा म्हणाले.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी आम्ही ओसरीत जेवायला बसलो. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. अप्पा हळूहळू जेवतात, एकेक घास चावून. मला कुठं जायचं नव्हतं. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मी म्हणाले, वयाचं भान ठेवा, पोट बिघडेल. मग दिली.